प्लास्टरला धुराचा वास

"हाव," सोजरबाई म्हणाल्या.

मी त्यांच्या पायाला हातही लावला नव्हता.

त्या तपासणीच्या टेबलावर पाय लांब करून, डोळे घट्ट मिटून बसल्या होत्या. माझ्या हातात नायलॉनचा एक छोटा धागा होता आणि तो त्यांच्या तळपायापासून चांगला वीतभर लांब होता.

"आता कळलं?"

"हाव की. अंगठ्याला लावलात."

अंगठ्यालाही लावला नव्हता. मग मी तो खरोखर टाचेला टेकवला आणि वाकेपर्यंत दाबला. तेव्हा मात्र त्या गप्प. माझ्या पुढच्या 'आता'ची वाट बघत होत्या.

हा धागा म्हणजे आमच्या धंद्यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरं बोलणारं यंत्र. त्याला मोनोफिलामेंट म्हणतात. ठराविक दाब पडला की तो वाकतो. वाकेपर्यंत टेकवूनही पेशंटला कळलं नाही, तर त्या जागेची संवेदना गेली असं समजायचं. पेशंट अंदाजपंचे 'हाव' म्हणू नये म्हणून मध्येमध्ये न टेकवताच विचारायचं असतं. सोजरबाई त्या सापळ्यात दर वेळी सापडत होत्या.

त्यांचे मालक, व्यंकटमामा, बाजूला उभे होते. त्यांचे डोळे उघडे होते, त्यामुळे त्यांना सगळं दिसत होतं. धागा कुठे आहे आणि बायको काय म्हणतेय, दोन्ही. ते एकदा माझ्याकडे बघायचे, एकदा तिच्याकडे.

मी लातूरला पायांचं क्लिनिक चालवते. पोडियाट्री म्हणजे पायाचा आणि घोट्याचा इलाज. "एवढं शिकून लोकांची नखं कापती," असं माझी आई उमरीला शेजारणींना सांगते. खोटं नाही ते. नखं कापते, कुरपं काढते, टाचांच्या भेगा भरते. पण निम्मे पेशंट शुगरचे. लोक डोळे तपासून घेतात, दात दाखवतात, गुडघ्यासाठी हैदराबाद गाठतात. पाय म्हणजे मात्र चप्पल घालायची जागा. तो काळा पडला की मग माझी आठवण येते.

सोजरबाई त्या मानाने वेळेत आल्या होत्या. जळकोटच्या अलीकडच्या एका गावातलं हे कुंभाराचं घर. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी, तळव्याला जखम. आठ आण्याच्या नाण्याएवढी, पण खोल. दिवाळीपासून भरत नव्हती. उदगीरच्या सर्जननी दोन वेळा साफ करून दिली आणि मग स्पष्ट सांगितलं, की हाड सडलं तर पायाचा पुढचा भाग काढावा लागेल. त्यात त्यांची काही चूक नव्हती. अशा जखमा तशाच जातात. त्यांनीच माझ्याकडे पाठवलं, 'एकदा लातूरला दाखवून या' म्हणून.

"मावशी, डोळे उघडा," मी म्हटलं. "तुमच्या तळपायाला स्पर्श कळत नाही. शुगरनं नसा बधिर झाल्यात."

"कोण मनलं?"

"मीच म्हणाले. आत्ता."

"म्याडम, तुमचा दोरा बारीक हाय. मपल्या पायाला समदं कळतंय. चिखलातला ज्वारीएवढा खडा मला पायानं कळतो. इचारा यांना."

मग त्यांनी मला त्यांचं काम समजावून सांगितलं, आणि ते अशा सुरात की जणू मी नोकरी मागायला आले होते. त्यांच्या घरात चाक मामा फिरवतात, पण माती तयार करणं हे सोजरबाईंचं काम. तळ्यातला गाळ आणायचा, भिजवायचा, त्यात लीद आणि राख मिसळायची आणि मग पायांनी तुडवायचा. लोण्यासारखा होईपर्यंत. तुडवताना तळव्याखाली जो खडा लागेल तो वाकून काढून फेकायचा. सगळ्यात वाईट चुनखडीचा खडा. तो मडक्यात राहिला तर भट्टीत भाजतो, आणि पुढे हवेतली ओल लागली की फुगतो. बाहेरून झकास दिसणारा माठ एखाद्या सकाळी टचकन पोपडा उडवून गळायला लागतो.

"मपल्या हाताखालचा माठ कवा गळत न्हाई," त्या म्हणाल्या. "उदगीरच्या बाजारात लोक इचारतेत, सोजरबाईचा चिखल हाय का म्हणून."

मी ऐकत राहिले. पाय म्हणजे वजन पेलायचं साधन, असंच आम्ही शिकतो. ही बाई तळव्याने चाळणीचं काम करत होती. तळपायात नसांची किती दाट जाळी असते हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. त्या जाळीवर एक घर चाललेलं मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मनातून थक्क झाले होते.

तेवढ्यात मामा बोलले. अगदी हळू.

"मागल्या दोन उन्हाळ्यापसून पोपडे उडायलेत."

सोजरबाईंनी मान वळवली.

"म्या मातीला नाव ठिवलं," मामा खाली बघत म्हणाले. "दुसऱ्या तळ्याची आणून बघितली. मग वाटलं, भट्टीच मपली कच्ची राहायली. जळण वाढवलं. तरी उडायलेत. लोक माघारी आणून द्यायलेत माठ. हिला सांगितलं न्हाई म्या."

सोजरबाई स्वतःच्या पायाकडे बघत होत्या. मग त्यांनी हात लांब करून अंगठा चिमटीत धरला आणि जोरात दाबला. आणखी जोरात दाबला. चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"मेला की वं हा," त्या म्हणाल्या.

पायाबद्दल बोलत होत्या. घरातलं माणूस गेल्यावर जशा आवाजात बोलतात, तसा आवाज होता. मला खूप वाईट वाटलं. शुगरचा आकडा, एक्स-रे, सर्जनचा इशारा यांतल्या कशानेही त्या हलल्या नव्हत्या.

"मेला नाही," मी म्हटलं. "मुका झालाय. रक्त आहे त्याला, नाडी चांगली आहे. हाडही अजून ठीक आहे. फक्त तो आता ओरडणार नाही. त्याला खडा टोचला, चटका बसला तरी तुम्हाला सांगणार नाही. मग त्याच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी बघायचं. रोज. मामा, हे तुमचं काम."

"जी," मामा म्हणाले.

"आंघोळीचं पाणी किती गरम आहे ते तुम्ही हात घालून बघायचं. चपलेत काही आहे का ते तुम्ही चाचपायचं. त्यांना विचारत बसायचं नाही."

"जी."

आता इलाज. अशी जखम औषधाअभावी अडत नाही, ती अडते वजनामुळे. दुखत असतं तर माणूस लंगडला असता आणि लंगडणं हेच अर्धं औषध आहे. दुखत नाही म्हणून हे लोक त्याच जागेवर टाच-चवडा, टाच-चवडा चालत राहतात आणि जखम रोज नव्याने फुटते. म्हणून आधी घाण काढायची, कडेचा जाड घट्टा तासायचा, इन्फेक्शन पूर्ण आटोक्यात आणायचं आणि मग पायाला प्लास्टर घालायचं. हाड मोडल्यावर घालतात तसंच, पण पोटरीपासून बोटांपर्यंत पायाला अगदी अंगासरशी बसणारं. टोटल कॉन्टॅक्ट कास्ट. त्यात एका ठिकाणी पडणारं वजन सगळ्या पायावर वाटलं जातं आणि जखमेला विसावा मिळतो. दर आठवड्याला काढायचं, बघायचं, नवीन घालायचं.

"चिखल तुडवायचा नाही," मी सांगितलं.

"आता माठाचा हंगाम हाय."

"तुमच्या सुनेला सांगा."

"तिला खडा कळत न्हाई."

"तुम्हालाही कळत नाही."

हे मी जरा तोडूनच बोलले. क्लिनिकमधल्या माझ्या मदतनीस उषा सिस्टरनी माझ्याकडे डोळे मोठे करून बघितलं. पण सोजरबाईंना राग आला नाही. त्या पहिल्यांदाच हसल्या. "म्याडमची जीभ मपल्यासारखीच हाय," त्या मामांना म्हणाल्या.

इन्फेक्शन उतरल्यावर पहिलं प्लास्टर घातलं तो दिवस मला चांगला आठवतो. सोजरबाई टेबलावर पालथ्या, गुडघा वाकवून पाय वर. मी ओल्या पट्ट्या गुंडाळत होते, तळहाताने घोटत होते. त्या मान वळवून वळवून बघत होत्या. मामा तर खुर्ची सोडून जवळच येऊन उभे राहिले. मातीत जन्म काढलेली माणसं दुसऱ्याचा ओला हात चालताना बघतात तेव्हा त्यांची नजर वेगळीच असते. मला शाळेत फळ्यासमोर उभं केल्यासारखं झालं.

"गरम व्हायलंय," मामा प्लास्टरला बोट लावून म्हणाले.

"पाणी लागलं की आपोआप गरम होतं. थोड्या वेळाने गार पडतं."

"आन् असं ओलंच घिऊन जायाचं?" सोजरबाईंनी विचारलं.

"वरून घट्ट झालंय. आतली ओल जायला वेळ लागतो. आज-उद्या त्यावर वजन टाकू नका. पाणी लागू देऊ नका. आत काडी घालून खाजवू नका. ताप आला, वास आला, तर लगेच या."

दोघांनी माना हलवल्या. मला वाटलं, सांगायचं ते सगळं सांगून झालं.

पुढचे आठवडे चांगले गेले. दर वेळी प्लास्टर काढलं की जखम थोडी आक्रसलेली दिसायची. तळ लाल, निरोगी. सोजरबाई बाजेवर बसून सुनेवर ओरडत होत्या, हे मला मामांकडून कळायचं. सून चिखल तुडवत होती आणि सासूच्या हाताखाली रडकुंडीला आली होती, हेही कळायचं. मी मनातल्या मनात उदगीरच्या सर्जनना फोन करून मिरवायची तयारी केली होती.

मग त्या दिवशी ते दोघं आले आणि खोलीभर धुराचा वास पसरला.

आधी मला वाटलं कपड्यांना येतोय. चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या पेशंटच्या लुगड्याला येतो तसा. मी वाकले तर वास पायातून येत होता. पांढरं शुभ्र घातलेलं प्लास्टर खाकी पडलं होतं. टाचेकडून नडगीपर्यंत करपट डाग.

"हे काय झालं?"

"पक्कं केलं," सोजरबाई म्हणाल्या. आवाजात चांगलाच अभिमान होता.

"म्हणजे?"

"आवं, सुनेनं घागर सांडली. खालची कड भिजली आन् मऊ पडली की. चिखल झाला तिचा. म्या यांना मनलं, पाण्यानं इरघळतंय म्हंजी कच्चंच हाय हे. म्याडमनी वाळवलंय, भाजलंच न्हाई. त्यांच्याकडं भट्टी कुठंय? मग आपल्या भट्टीपशी बसून भाजून घेतलं."

मी स्टुलावर बसले.

त्यांचा हिशोब कुणालाही पटेल असा होता. जे पाण्यात विरघळतं ते कच्चं. कच्च्याला आगीत घातलं की पक्कं होतं. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच खरं ठरलेलं. पण प्लास्टर म्हणजे माती नव्हे. माती भाजली की दगड होते. प्लास्टर फार तापलं की उलट भुगा होतो. आणि ते प्रकरण प्लास्टरपुरतं असतं तर मी हसले असते. आत एक पाय होता, ज्याला काही कळत नव्हतं. थंडीत शेकोटीशी बसून बोटं भाजून घेतलेले शुगरचे पेशंट मी बघितलेत. गरम पाण्याच्या पिशवीने टाच शिजलेली बघितली आहे. त्यांतल्या कुणालाच काही कळलं नव्हतं. सगळे मजेत गप्पा मारत बसले होते. इथे तर बाईने पाय नेऊन कुंभाराच्या भट्टीला लावला होता.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" मी ओरडले. क्लिनिकमध्ये मी ओरडत नाही. बाहेर बसलेल्या पेशंटांची बोलणी थांबली. "मला फोन करायचा ना. एवढे आठवडे घालवले आपण. आत काय झालं असेल कळतंय का तुम्हाला?"

सोजरबाईंचा चेहरा बघता बघता उतरला. त्यांनी माझ्या हाताला धरलं.

"पाय गेला का वं म्याडम?"

मी उषा सिस्टरना कटर लावायला सांगितलं आणि मामांना म्हटलं, "तुम्ही बाहेर बसा."

"न्हाई," मामा म्हणाले. एवढ्या दिवसांत त्यांनी मला 'न्हाई' म्हणायची ती पहिली वेळ. ते भिंतीला टेकून उभे राहिले.

प्लास्टर कापायचं यंत्र दिसतं करवतीसारखं, पण त्याचं पातं गोल फिरत नाही, नुसतं थरथरतं. कडक वस्तू कापतं, कातडी कापत नाही. एरवी मी हे पेशंटला समजावते, स्वतःच्या तळहाताला लावून दाखवते. त्या दिवशी काही समजावलं नाही. नुसती कापत गेले. धुळीलाही धुराचाच वास. एका बाजूने वरून खाली, मग दुसऱ्या बाजूने. आतला कापूस दिसेपर्यंत माझ्या मनात एकच चित्र होतं. कातडी प्लास्टरला चिकटून येणार, आणि मग उदगीरला फोन करावा लागणार तो मिरवण्यासाठी नव्हे.

दोन्ही फाका उघडल्या. कापूस पांढरा होता.

तो मी कात्रीने कापून काढला. खाली पाय. आठवडाभर कोंडलेल्या पायाची कातडी असते तशी फिकट, सुरकुतलेली. बस. टाच बघितली, टाच ठीक. घोटे ठीक. बोटांच्या बेचक्या एकेक करून फाकवून बघितल्या. सिस्टरना टॉर्च धरायला लावली. कुठे फोड नाही, लाली नाही, काळा ठिपका नाही. मग पाय वर उचलून तळवा बघितला.

जखम मिटली होती. तिच्या जागी पातळ, गुलाबी, नवीन कातडी होती. दुधावर साय धरते तशी.

"सिस्टर," मी म्हटलं, "मला दिसतंय तेच तुम्हाला दिसतंय ना?"

"हो मॅडम."

"पाय हाय का?" सोजरबाई छताकडे बघत विचारत होत्या.

"आहे. जखम भरली. भाजलंही नाही कुठे."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मला मात्र आनंदाच्या आधी कोडं पडलं. नशीब म्हणून सोडून देता येत होतं, पण माझा स्वभाव तसा नाही. भट्टीच्या धगीने वरून खाकी पडलेलं प्लास्टर, आणि आत केसाला धक्का नाही? मी मामांकडे वळले.

"मामा, किती जवळ नेला होता पाय? नेमकं काय केलं ते सांगा."

मामा अवघडले. सांगायला सुरुवात केली ती स्वतःच्या धंद्यापासून. मोठा रांजण एकदम आगीत घालत नाहीत, तडकतो. आधी त्याला निखाऱ्यांची ऊब देतात. लांबून, हळूहळू, फिरवून फिरवून. तसंच केलं म्हणाले. भट्टी उतरल्यावर बाजूला काढलेल्या निखाऱ्यांवर थोड्या गोवऱ्या टाकल्या, समोर बाज ओढली, सोजरबाईंना बसवलं. धूर झाला तो गोवऱ्यांचा.

"पण किती जवळ? रांजणाला कळत नाही, तसं त्यांच्या पायालाही कळत नाही. तुम्हाला कसं कळलं कुठे थांबायचं ते?"

"तिला कळत न्हाई मनलात न्हवं तुम्ही," मामा म्हणाले. "मग म्या मपला पाय ठिवला. तिच्या पायापशी."

"म्हणजे?"

"तिचा पिलास्टरातला, आन् मपला उघडा. जोडून. मपल्याला चटका लागला की दोनी पाय मागं घ्यायचे. गार झाले की पुन्हा म्होरं. मपला जरासा म्होरंच ठिवायलो व्हतो, म्हंजी आधी मलाच लागावं."

मी डॉक्टरसारखं बोलले.

"चप्पल काढा."

"काय न्हाई झालं म्याडम."

"काढा."

त्यांनी डावी चप्पल काढली. पायाची बाहेरची कड लालबुंद होती. करंगळीच्या खाली फुटलेला फोड, त्यावर हळद लावलेली, चपलेच्या पट्ट्याने तो आणखी सोलवटला होता. याच पायाने ते जळकोटहून लातूरला आले होते, एस्टीत उभं राहून.

सोजरबाई ताडकन उठून बसल्या. "हे कवा झालं?"

"तवाच."

"मला सांगितलं न्हाईस?"

"तू वरडली असतीस."

"एवढा येळ कशाला ठिवायचा मग पाय?"

"तूच मनायलीस की, अजून ओलं वाटायलंय," मामा म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. झालं ते सांगत होते.

सोजरबाई वरडल्या नाहीत. त्या टेबलावरून हात लांब करून मामांच्या पायापर्यंत पोचायचा प्रयत्न करत होत्या. पोचत नव्हत्या. उषा सिस्टरनी तोंड फिरवलं आणि ट्रेमधल्या वस्तू उगाच नीट लावायला घेतल्या.

आमच्याकडे संवेदना गेलेल्या पायाला ती परत आणायचा इलाज नाही. जगात कुठेच नाही. गोळ्या आहेत, त्या झिणझिण्या कमी करतात. मेलेली नस उठवत नाहीत. मी गेली कित्येक वर्षं पेशंटना हे सांगत आलेय, की आता हे असंच राहणार, जपा. आणि इथे एका माणसाने बाज ओढली, गोवऱ्या टाकल्या आणि बायकोच्या पायाला स्वतःच्या नसा लावून दिल्या. उघड्या कातडीला चटका प्लास्टरच्या आतल्या कातडीच्या किती आधी बसतो, हे त्यांनी मोजलं नव्हतं. पाय जरा पुढे ठेवला, एवढंच. मी सांगितलं होतं पाण्यात हात घालून बघा. त्यांनी तेच आगीपुढे केलं. वेडेपणा होता, यात वाद नाही. पण असा वेडेपणा माझ्यासाठी कुणी करेल का, असं मला वाटून गेलं, आणि मी पटकन हातमोजे बदलले.

"मामा, बसा इथे. डोळे मिटा."

मी तोच धागा घेतला. आता मला वेगळीच धास्ती होती. यांनाही शुगर असली तर? यांचाही पाय मुका असता तर दोघंही त्या निखाऱ्यांपुढे शांतपणे शिजत बसले असते.

"कळलं?"

"अंगठा."

"आता?"

"टाच. बाहीरली बाजू."

न टेकवता विचारलं. "आता?"

"न्हाई लावलात," मामा म्हणाले.

एकही जागा चुकली नाही. शुगर तपासली, नॉर्मल निघाली. मग त्यांची जखम साफ केली, मलमपट्टी केली. ते दातओठ खात होते, आणि मला ते बघून खरंच बरं वाटत होतं. दुखणाऱ्या पायाची किंमत माझ्यासारखी कुणाला कळणार? सोजरबाई आता टेबलाशेजारी खुर्चीवर बसून मला सूचना देत होत्या. हळू करा. तिथं न्हाई, इकडं. पट्टी घट्ट बांधू नका.

नवीन कातडी कच्ची असते, म्हणून सोजरबाईंना आणखी काही आठवडे प्लास्टर घातलं. मग मऊ तळाची, मापाची चप्पल करून दिली. ती घरातही घालायची, न्हाणीतही. अजून दर दीड-दोन महिन्यांनी घट्टा तासून घ्यायला येतात. पाय शाबूत आहे. चिखल सून तुडवते. सासूबाई आता तुडवून झालेला गोळा मांडीवर घेऊन तारेने कापतात आणि हाताने खडे शोधतात. "बोटाला अजून कळतंय," म्हणतात. ते मी मोनोफिलामेंटने तपासून बघितलं, खरं आहे. पोपडे कमी झालेत, पण अगदी बंद नाहीत. त्यावरून सुनेला अजूनही बोलणी बसतात.

उदगीरच्या सर्जनना मी फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, "हे पेपरमध्ये छापू नका, उद्या लोक करायला लागतील."

बरोबर आहे त्यांचं. म्हणून इथे ठळक सांगते. असं करू नका. पायाची संवेदना गेली असेल तर कुठल्याही विस्तवाजवळ जाऊ नका, सोबत कितीही जिवाचं माणूस असलं तरी. त्यांचं साधलं. दहांपैकी नऊ जणांचं साधणार नाही.

माझ्यापुरता मी दोन गोष्टींचा धडा घेतला. प्लास्टर घालायच्या आधी मी आता पेशंटला विचारते, तुम्ही काम काय करता. सोनार, लोहार, कुंभार, हलवाई, ज्याच्या घरात म्हणून जाळ आहे त्याला बजावते की ह्याला ऊन पुरतं. काही जण माझ्याकडे असे बघतात, की या बाईला काय झालंय.

दुसरं म्हणजे, पेशंटसोबत जो कुणी येतो त्यालाही मी चपला काढायला लावते. ते बहुतेक वेळा कुरकुरतात. "मला कुठं काय झालंय म्याडम," म्हणतात. "मी नुसता सोबत आलोय."

"म्हणूनच," मी म्हणते.